वाचता येतं, लिहिता येत नाही

२०११ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेचा प्रगणक म्हणून इटियाडोह धरणाच्या परिसरात घरोघर फिरत होतो. आम्हा शिक्षकांच्या वाट्याला हे काम येतंच. एका घरात सत्तरीच्या एक बाई बाजेवर बसल्या होत्या. सगळे त्यांना नानी म्हणत, म्हणून मीही नानीच म्हटलं. साक्षरतेच्या रकान्याशी आलो आणि विचारलं, "नानी, पढना-लिखना आता है?"

"पढना आता, बेटा. लिखना नहीं आता."

मी थांबलो. सुनेला वाटलं, माझा विश्वास बसत नाही. तिने आतून कापडात बांधलेलं एक पुस्तक आणलं. 'बहिश्ती ज़ेवर'. नानींना निकाहात माहेरून मिळालेलं. शिवण सुटली होती, पानं पिवळी पडली होती. नानींनी चष्मा लावला आणि अर्धं पान न अडखळता वाचून दाखवलं. मग त्याचा अर्थही समजावून सांगितला, जणू वर्गात मी विद्यार्थी आणि त्या उस्तानी.

पण सूचना स्पष्ट होती. जो समजून वाचू आणि लिहू शकतो तो साक्षर. नुसतं वाचता येणारा साक्षर नाही. मी 'निरक्षर' लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

ती नोंद अजून मला टोचते. शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला आमच्या भागातले लोक काय वाचत होते हे शोधायचं असेल, तर त्याच्या हातात माझा तो कागद, किंवा त्यावरून काढलेला आकडा असेल. त्यात नानी वाचक म्हणून कुठेच नसतील.

लोक काय वाचत होते याचा पुरावा शोधण्याचं काम ब्रिटनमध्ये फार चिकाटीने झालं आहे. तिथल्या ओपन युनिव्हर्सिटीने १९९६ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. १४५० ते १९४५ या काळात कोणी, कुठे, काय वाचलं याच्या तीस हजारांहून जास्त नोंदी त्यात गोळा झाल्या. त्या कुठून आल्या? रोजनिश्या, पत्रं, आत्मचरित्रं, पुस्तकांच्या समासातले शेरे. म्हणजे ज्यांनी काही लिहून ठेवलं, ते सापडले. जे नुसते वाचत राहिले, ते दुसऱ्या कोणी त्यांच्याबद्दल लिहिलं तरच सापडतात.

तिथेही नानींसारखेच लोक होते. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत नवरा-नवरीने सही किंवा खूण करणं सक्तीचं झालं. बरेच दिवस इतिहासकार त्या सह्या मोजून साक्षरता ठरवत. फुली मारली, तर अडाणी. पुढे लक्षात आलं की तिथल्या शाळांत आधी वाचन शिकवत आणि लिहिणं नंतर. गरिबाचं पोर त्याआधीच कामाला जुंपलं जाई. फुली मारणाऱ्या कित्येकांना छापील अक्षर वाचता येत होतं.

आपल्याकडे १९११ च्या जनगणनेत कसोटी अशी होती: मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता आलं पाहिजे. त्यापेक्षा कमी येत असेल, तर निरक्षर. आता आपल्या घरांकडे पाहा. मुलीला क़ुरआन वाचायला शिकवायचं, जमलं तर उर्दू वाचायला शिकवायचं. लिहायला मात्र नको, लिहू लागली तर परक्याला चिठ्ठ्या लिहील. ही भीती आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. म्हणजे जे पत्र घरातल्यांना नको होतं, तेच सरकारने साक्षरतेचं माप ठरवलं.

गंमत अशी की मौलाना अशरफ़ अली थानवींच्या ज्या 'बहिश्ती ज़ेवर'ला लोक मुलींच्या रुख़सतीचं पुस्तक समजतात, त्याच्या पहिल्याच भागात मुळाक्षरं आहेत आणि पत्र कसं लिहावं याचे नमुनेही आहेत. नानींच्या हातात ते पुस्तक आयुष्यभर होतं. पेन कोणी दिलं नाही.

हे केवळ मुसलमानांचं दुखणं नव्हे. बंगालच्या राससुंदरी देवींनी 'आमार जीबन' या आत्मकथेत सांगितलं आहे की त्या लपूनछपून वाचायला शिकल्या. लिहिणं पुष्कळ उशिरा आलं. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणींत, नवरा शिकवतो आहे आणि घरातल्या बायकांना ते खपत नाही, हे सारं आलं आहे. दोघींनी पुढे लेखणी धरली म्हणून त्यांचं वाचन आपल्याला कळलं.

मराठीत काय छापलं गेलं, याचा पुरावा आपल्याकडे भक्कम आहे. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांना पुस्तकाची प्रत सरकारजमा करावी लागे. नाव, भाषा, किंमत, प्रतींची संख्या नोंदली जाई. शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं दाखवते. पण प्रत कोणाच्या हातात गेली, हे यादी सांगत नाही. शिवाय आपल्याकडे एक वाचतो आणि दहा ऐकतात. श्रावणात पोथी ऐकणारी बाई आणि मिलादच्या बैठकीत किताब ऐकणारी बाई, दोघी कोणत्याच यादीत नाहीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. तो हस्तलिखितांतून टिकला, कारण कोणीतरी तो वाचत, ऐकत आणि उतरवत राहिलं. त्या सगळ्यांची नावं आपल्याकडे नाहीत.

म्हणून "मुसलमान वाचत नव्हते" असं कोणी म्हटलं, की मी विचारतो, पुरावा कशाचा? आपले लोकही हे वाक्य सहज बोलतात. पण उलट टोकालाही जायला नको. नानींना लिहिता येत नव्हतं, हे खरंच होतं. त्याची किंमत त्यांनी मोजली. जमिनीच्या कागदावर अंगठा, बँकेत अंगठा, आणि लेकीला चिठ्ठी पाठवायची तर दुसऱ्याच्या हाताने. जनगणनेचा रकाना खोटा नव्हता, अपुरा होता.

त्यानंतर दरवर्षी मी वर्गात एक काम देतो. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा: काय वाचलं, कोणत्या लिपीत, किताब कुठून आली, कोणाला वाचून दाखवलं? मुलं उर्दूत किंवा मराठीत, जमेल तसं लिहून आणतात. कोणाची दादी पंजसूरा, कोणाचे आजोबा मराठी पेपर, कोणी फक्त एसटीच्या पाट्या. एका पोराने लिहिलं, "माझी नानी वाचते, पण कोणाला माहीत नव्हतं."

पुढची जनगणना येते आहे. मला पुन्हा काम लागलं आणि पुन्हा अशी नानी भेटली, तर रकान्यात मी तेच लिहीन. नियम माझ्या हातात नाही. पण आपल्या घरातल्या जुन्या किताबांची पहिली कोरी पानं आपल्या हातात आहेत. उघडून पाहा, कोणाचं नाव आहे का. नसेल, तर ती कोण वाचत असे हे विचारून आजच तिथे लिहून ठेवा.