मेजवानी कुणाची?

'मेजवानी' फारसीतून आली. तिथे 'मेजबान' म्हणजे यजमान आणि 'मेजबानी' म्हणजे त्याचं आतिथ्य. हिंदीने हा अर्थ जपला; तिच्यात विश्वचषकाचीही 'मेजबानी' होते. मराठीने मात्र यजमानाला बाजूला सारून थेट पंचपक्वान्नांवर हात मारला! ही खादाडी मला आवडते.

तरी पाहुण्यांसाठी नवी जागा हुडकणाऱ्या यजमानाला जुना अर्थच शोभतो. हुरड्याचंच बघा. थंडीत सोलापूरकडच्या एखाद्या शिवारात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, की गरमागरम हुरडा पुढ्यात. जोडीला लसणाची चटणी, गूळ, दही. ताटं मांडायची गरज नाही, भाजणारा शेतकरीच. यजमानाची कर्तबगारी एवढीच, की हे रान त्याला ठाऊक होतं.