क्वांटम संगणकाचे सूर कसे जुळतात?

चेंबूर : क्वांटम संगणकाची चर्चा निघाली की त्यात क्यूबिट किती, हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. मात्र हे क्यूबिट किती बिनचूक काम करतात, यावरच यंत्राची उपयुक्तता ठरते. एका क्रियेत १ टक्का चूक होत असेल, तर सलग १०० क्रिया निर्दोष पार पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच उरते. चूक ०.१ टक्क्यावर आणली, तर तीच शक्यता ९० टक्क्यांवर जाते. म्हणूनच क्यूबिटचे गुणधर्म मोजणे आणि त्यानुसार यंत्राचे अंशशोधन करणे, हा या क्षेत्रातील कळीचा विषय आहे. अनेकांनी एकत्र येऊन ठरावीक मुदतीत प्रश्न सोडविण्याच्या ‘हॅकेथॉन’ उपक्रमासाठीही तो साजेसा आहे.

अंशशोधन म्हणजे काय?

अतिवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानात ठेवतात आणि सूक्ष्मलहरींच्या स्पंदांनी चालवितात. प्रत्येक क्यूबिटची स्वतःची वारंवारता असते. प्रथम ती शोधली जाते. नंतर क्यूबिट शून्य स्थितीतून एक स्थितीत नेण्यासाठी स्पंद किती तीव्र हवा, हे ठरवितात. साठवलेली स्थिती किती मायक्रोसेकंद टिकते आणि वाचताना शून्याऐवजी एक किती वेळा नोंदला जातो, हेही तपासले जाते. अखेरीस क्यूबिटच्या जोड्यांवरील क्रिया जुळवितात.

चेंबूरच्या फाइन आर्ट्स सोसायटीतील मैफलींना जाणाऱ्या रसिकांना हे सहज उमगेल. तंबोऱ्याची तार किंचित उतरली, तर दोन स्वरांमधील आंदोलने जाणकार कानाला लगेच कळतात. क्यूबिटची वारंवारताही अशाच आंदोलनांवरून बारकाईने मोजतात. ही जुळणी फार काळ टिकत नाही. चिपच्या पदार्थातील सूक्ष्म दोषांमुळे क्यूबिटचे गुणधर्म बदलत राहतात, त्यामुळे मोजमाप पुन्हा पुन्हा करावे लागते.

मुंबईतील प्रयोग

या कामाला अनेक हात लागतात, याचे उदाहरण मुंबईतच आहे. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा क्यूबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पूर्ण झाल्याचे ‘डीआरडीओ’ने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. क्यूबिटची रचना व निर्मिती टाटा संस्थेने केली. नियंत्रण व मोजमापाची यंत्रणा ‘डीआरडीओ’च्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने उभारली, तर क्लाउडद्वारे यंत्र वापरण्याची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केली. यंत्र प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी त्याच्या कामगिरीत सुधारणा करण्याचे काम सुरू असल्याचेही तेव्हाच सांगण्यात आले होते.

मनुष्यबळाचा प्रश्न

सहा क्यूबिटच्या जास्तीत जास्त १५ जोड्या होतात, ५० क्यूबिटच्या १,२२५. सर्वच जोड्या प्रत्यक्षात जोडलेल्या नसतात. तरीही हे काम हाताने उरकणे अशक्य होत जाते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक विकसित करणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. ते गाठायचे, तर मोजमाप स्वयंचलित करणारे प्रोग्रामर, इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते आणि आकडेवारीचे विश्लेषक भौतिकशास्त्रज्ञांइतकेच आवश्यक ठरतील.

याची तयारी चेंबूरमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही करता येईल. ‘आयबीएम’ने २०१६ मध्ये पाच क्यूबिटचा संगणक क्लाउडवर सर्वांसाठी खुला केला. आपल्या यंत्रांमधील क्यूबिटच्या चुकांचे प्रमाणही ही कंपनी जाहीर करते. ‘क्विसकिट एक्सपेरिमेंट्स’ आणि ‘क्विबोकॅल’ ही अंशशोधनाची मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांतील त्रुटी शोधणे आणि मोजमापाच्या नव्या पद्धती लिहिणे, ही कामे महाविद्यालयीन गटांच्या आवाक्यातील आहेत. महागडी शीतयंत्रणा प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही. पण ती चालविणारी माणसे याच वर्गांतून घडवावी लागणार आहेत.