वेरूळची कथा आणि महेश्वरचा इतिहास

दुःखाच्या प्रसंगीं मनुष्य देवाकडे वळतो, ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिजविषयीं कोणी फारसा विचार करीत नाहीं. श्रद्धाळू तिला भक्ति म्हणतात, चिकित्सक तिला मनाचें दौर्बल्य म्हणतात. परंतु देवापुढें हात जोडणाऱ्या त्या मनुष्याचें पुढें काय झालें, हें पाहण्याची तसदी दोघेही सहसा घेत नाहींत. इतिहासाच्या अभ्यासकानें तरी ती घेतली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

छत्रपती संभाजीनगरहून सुमारें ३० किलोमीटरांवर वेरूळ येथें घृष्णेश्वराचें ज्योतिर्लिंग आहे. शिवपुराणांतील त्याची कथा अशी: घुष्मा नांवाची स्त्री रोज १०१ पार्थिव लिंगें करून पूजी व जवळच्या तळ्यांत त्यांचें विसर्जन करी. तिची थोरली बहीणच तिची सवत होती. तिनें मत्सरानें घुष्मेच्या मुलाचा रात्रीं वध केला आणि प्रेत त्याच तळ्यांत टाकलें. सकाळीं घरांत आकांत झाला, तरी घुष्मा पूजेवरून उठली नाहीं. पूजा आटोपून ती विसर्जनास गेली, तों मुलगा जिवंत होऊन कांठावर उभा! शंकर बहिणीस शासन करूं लागले, तेव्हां घुष्मेनें तिच्यासाठीं क्षमा मागितली.

या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनीं केला. आज उभें असलेलें लाल दगडाचें देऊळ १८ व्या शतकांतील, होळकरांच्या वेळचें असून त्याच्याशीं मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई व सून अहिल्याबाई यांचीं नांवें जोडलीं जातात. पुत्रशोकाच्या या क्षेत्राशीं अहिल्याबाईंचें नांव जुळावें, हा योग विलक्षण होय. त्यांचे पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडले. १७६६ सालीं पितृतुल्य सासरे गेले. दुसऱ्याच वर्षीं एकुलता एक पुत्र मालेराव गेला. १७९१ सालीं जांवई यशवंतराव फणसे वारले आणि आईनें केलेल्या विनवण्या न ऐकतां कन्या मुक्ताबाई सती गेली. येथें कथेंतला चमत्कार घडला नाहीं. अहिल्याबाईंचें एकही माणूस परत आलें नाहीं.

मग पूजेनें त्यांना दिलें काय? सर जॉन माल्कमनें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांचा दिनक्रम नमूद केला आहे. सूर्योदयापूर्वीं तासभर उठून पूजा, मग पुराणश्रवण व दानधर्म; भोजन व अल्प विश्रांति झाल्यावर दोनपासून सूर्यास्तापर्यंत दरबार; पुढें दोन-तीन तास पुनः पूजा व फराळ, आणि रात्रीं नऊपासून अकरापर्यंत पुनः राज्यकारभार. पूजा ही कामापासून पळून जाण्याची वाट असती, तर ती संपतांच दरबार भरला नसता. शोकानें विस्कटलेल्या दिवसाला पूजेनें घडी घालून दिली.

मात्र तिनें बाईंचें मन दगडाचें केलें नाहीं. मुक्ताबाईच्या चितेशीं उभ्या असतां दोघां ब्राह्मणांनीं त्यांना धरून ठेवलें होतें. ज्वाळा उठतांच त्यांचा धीर सुटला. नंतर नर्मदेंत स्नान करून त्या वाड्यांत गेल्या, आणि तीन दिवस त्यांनीं फारसें अन्न घेतलें नाहीं, शब्द उच्चारला नाहीं. एवढ्या वर्षांची उपासना असतांही हें झालें, हें माल्कमच लिहितो. त्यानंतर त्यांनीं गेलेल्यांचें स्मारक बांधविलें व त्या पुनः कामास लागल्या. १७८० सालीं काशीविश्वेश्वराचें मंदिर आणि ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा उभारणारे हात याच शोकाकुल बाईंचे होते.

घुष्मा पूजेवर बसून राहिली, तेव्हां मुलगा परत येईल हें तिला ठाऊक नव्हतें. कथेचा हा मधला भाग आपण विसरतों व शेवट तेवढा ध्यानांत ठेवतों. म्हणूनच नवस फळला नाहीं कीं देव रुसला असें म्हणूं लागतों. अहिल्याबाईंच्या वांट्यास कथेचा तेवढा मधला भागच आला. आणि मालेरावाच्या मृत्यूपासून १७९५ सालीं स्वतःचे डोळे मिटेपर्यंत, २८ वर्षें, त्यांनीं तो निभावला.