थोरांच्या मैदानात धाकटा मल्ल



खेळाच्या जगात एक प्रश्न फार जुना आहे, आणि तो अधूनमधून नव्याने उभा राहतो. अंगी गुण असलेल्या कोवळ्या मुलाने थोरांच्या स्पर्धेत उतरावे की नाही? गोल्फच्या क्लबांत हा वाद नेहमीचाच. बारा-तेरा वर्षांचा मुलगा सभासदांच्या चषकासाठी खेळू लागला आणि जिंकू लागला, की काही सभासद त्याची पाठ थोपटतात, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्या बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या टापूत गोल्फ खेळणारी माणसे थोडीच. परंतु हाच प्रश्न आपल्या लाल मातीपुढे पिढ्यान्‌पिढ्या आलेला आहे, आणि तिने त्याला आपले असे एक उत्तर दिलेले आहे. ते उत्तर काय होते, आणि आज ते हातचे का निसटू पाहत आहे, याचा थोडा विचार करावा म्हणून मी आपणांपुढे आलो आहे.

प्रथम आपल्याकडील यात्रेचे मैदान डोळ्यांपुढे आणू या. ऊन कलते झाले, हलगीचा कडकडाट सुरू झाला आणि माणसे मातीभोवती दाटीवाटीने बसली, म्हणजे सर्वांत आधी आत येतात ती लहान पोरे. त्यांच्या कुस्त्या नारळावर, रेवड्यांवर, खोबऱ्याच्या वाटीवर लागतात. त्यानंतर रुपयांच्या कुस्त्या. इनामाचा आकडा चढत जातो, तसतसे मल्लांचे वय, वजन आणि नावही चढत जाते. दिवस मावळता मावळता पहिल्या क्रमांकाची जंगी कुस्ती होते, आणि तिच्यासाठी परगावची माणसेही खोळंबून राहिलेली असतात. खोबऱ्यावर लढलेला दहा वर्षांचा मुलगा त्याच मातीच्या कडेला बसून ही शेवटची कुस्ती पाहत असतो. मैदान एक, पंच तेच, प्रेक्षकही तेच. धाकट्यांसाठी निराळे अंगण आखून त्यांना थोरांपासून दूर ठेवण्याची रीत आपल्या मातीत नव्हती.

मात्र धाकट्याची गाठ थोराशी घालून देण्याची रीतही नव्हती. येथेच ‘जोड’ या शब्दाचे महत्त्व आहे. मल्ल हात उंचावून मैदानाला फेरी घालतो, त्याला आपण जोड मागणे म्हणतो. कोणी पुढे येऊन त्याच्या हाताला हात लावला, तरी कुस्ती लगेच ठरत नाही. पंच दोघांना शेजारी उभे करतात; खांदे, मान, मांड्या पाहतात; कोणत्या तालमीचा, किती वर्षे मातीत आहे, हे विचारतात; आणि मग जोड मान्य किंवा अमान्य करतात. उत्तम जोडीला आपल्याकडे ‘काटाजोड’ म्हणतात. तराजूचा काटा मधोमध उभा राहावा, अशी ती जोडी. जन्मतारखेचा कागद कोणी मागत नसे. पण वय, वजन आणि तयारी या तिन्हींचा अंदाज अनुभवी डोळा घेत असे. आणि जोड विषम दिसली, तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार वस्तादाला होता. पठ्ठ्याने कितीही हट्ट धरला, तरी वस्तादाचा शब्द मोडून तो मातीत उतरत नसे.

तालमीतील रीत याहून निराळी होती, आणि तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. तालमीत थोरला मल्ल धाकट्याबरोबर रोज जोर करतो. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मऊ केलेल्या मातीत तो आपले निम्मे बळ आवरून धरतो, पोराला डाव टाकू देतो, चुकल्यास थांबवितो, पुन्हा धरावयास सांगतो. थोरांशी झुंजल्यावाचून धाकटा तयार होत नाही, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ही झुंज तालमीत ठेवली, जेथे जिंकण्या-हरण्याला मोल नसते. आणि मैदानात, जेथे इनाम व अब्रू पणाला लागते, तेथे जोडीचा दंडक ठेवला. शिकताना थोरांची संगत आणि झुंजताना बरोबरीचा गडी, असा हा सरळ व्यवहार होता.

या व्यवहाराला थोर राजाश्रय लाभला, तो कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, दूरदूरच्या मल्लांना पोसले, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान लोकांसाठी खुले झाले. कोल्हापूरच्या तालमींची ओढ आपल्या सीमाभागालाही लागली. चिकोडी तालुक्यातील एकसंबा गावी १९३४ साली जन्मलेले श्रीपती खंचनाळे हे कोल्हापुरात शाहूपुरी तालमीत घडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि त्यांचे गाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यांची तालीम मुंबई राज्यात राहिली. मराठीत जिला आपण तालीम म्हणतो, तिला कन्नडात गरडी म्हणतात. शब्द दोन, पण माती एकच. १९५९ साली दिल्लीत खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, तेव्हा ते पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. हे दोन आकडे प्रत्येक उतावीळ पालकाने मनाशी जपून ठेवावेत. कुस्तीचे फळ सावकाश पिकते.

कोणी म्हणेल, गामा पहिलवानाचे काय? तो तर बालपणीच थोरांत उतरला होता. ही कथा खरोखरच सांगण्याजोगी आहे. १८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली. चारशेंहून अधिक मल्ल जमले. त्यांत दहा वर्षांचा गामा होता, आणि अखेरपर्यंत टिकलेल्या पंधरांत तो राहिला. त्याचे वय ध्यानी घेऊन महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. परंतु ही स्पर्धा बैठकांची होती, हे विसरू नये. शेजारच्या मल्लाचे बळ गामाच्या अंगावर येणार नव्हते. त्याचा सामना होता तो आपल्याच दमाशी. कोवळ्या मुलाने चारशे थोरांत उभे राहणे तेथे सुरक्षित होते.

हीच कसोटी इतर खेळांना लावून पाहा. गोल्फमध्ये प्रतिस्पर्धी आपणांस स्पर्शही करीत नाही. स्कॉटलंडचा धाकटा टॉम मॉरिस १८६५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ओपन स्पर्धेत उतरला, आणि १८६८ साली सतराव्या वर्षी ती जिंकला. त्या वर्षी दुसरा आला तो त्याचा बापच. आपल्या कर्नाटकातील बेंगळुरूच्या अदिती अशोक हिने २०११ साली तेराव्या वर्षी व्यावसायिक महिलांच्या स्पर्धेत विजय मिळविला. पुढे तोक्यो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. शिवाय गोल्फमध्ये हँडिकॅप नावाची सोय आहे. खेळाडूच्या वकुबाप्रमाणे त्याला काही फटक्यांची सूट मिळते, म्हणजे कच्चा आणि पक्का खेळाडू एकाच स्पर्धेत बरोबरीने लढू शकतात. ही गोल्फची काटाजोडच होय. थोर सभासदांची तक्रार उठते तीही यामुळेच. मुलाचा खेळ महिन्यागणिक सुधारतो आणि त्याच्या नावावरची सूट मात्र मागे रेंगाळते. तेव्हा हिशेब वेळच्या वेळी सुधारावा; पोराला हाकलण्याचे कारण नाही.

क्रिकेटमध्ये धोका एक पायरी वर चढतो, कारण तेथे कठीण चेंडू अंगावर येतो. तरीही मुंबईच्या कांगा लीगमध्ये सचिन तेंडुलकर १९८४ साली अकराव्या वर्षी उतरला. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांना खेळाडूंच्या खोलीत प्रवेश नव्हता. तो नियम क्लबाने त्याच्यासाठी सैल केला. डिसेंबर १९८८ मध्ये पंधराव्या वर्षी त्याने रणजी सामन्यांतील पदार्पणातच गुजरातविरुद्ध शतक केले. पण त्याआधी त्याला कपिल देवसारख्या गोलंदाजापुढे सरावाच्या जाळीत खेळवून पाहिले गेले होते. जाळी म्हणजे क्रिकेटची तालीमच. पुढे १९८९ साली सियालकोटच्या कसोटीत त्याच्या नाकावर चेंडू बसला, रक्त आले, आणि तो खेळत राहिला. हे धैर्य वंदनीय आहे. परंतु ज्यांनी त्याला तेथवर पाठविले, त्यांनी त्याची तयारी डोळ्यांनी पाहिलेली होती, हेही तितकेच खरे.

कुस्ती ही शेवटची पायरी. येथे चेंडू नाही, काठी नाही. एका देहाचा सारा भार दुसऱ्या देहावर पडतो. पंधरा वर्षांच्या मुलाची मान आणि मणका अजून घट्ट झालेला नसतो. म्हणून जागतिक कुस्ती संघटनेने वरिष्ठ गटाची मर्यादा विसाव्या वर्षापासून धरली आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मल्लाला त्या गटात उतरावयाचे, तर वैद्यकीय दाखला आणि पालकांची संमती लागते. सतरा वर्षांच्या मुलाला तेथे मज्जाव आहे. गादीवरील कुस्तीत वजनगट असतात, मिनिटांचे बंधन असते, गुणांवर निकाल लागतो. आपल्या यात्रांतील निकाली कुस्तीला यांतले काहीच नसते. पाठ लागेपर्यंत झुंजावयाचे. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील एका जत्रेच्या मैदानात मानेला इजा होऊन एक तरुण मल्ल प्राणास मुकला. तो तर वाढलेल्या अंगाचा होता. मग पोरसवदा मल्लाची गोष्टच बोलावयास नको.

तथापि केवळ कागदावरचे वय पाहूनही भागत नाही. वयाची अट आली, की खोटे दाखलेही येतात. २०२५ साली भारतीय कुस्ती महासंघाने बनावट जन्मदाखल्यांवरून अकरा मल्लांना निलंबित केले. थोराड मुलगा कागदावर धाकटा होऊन लहानग्यांत उतरतो, आणि त्या लहानग्यांचे नुकसान करतो. कागदाला फसविता येते. तालमीतला जाणता डोळा सहसा फसत नाही. म्हणून कागद हवा आणि डोळाही हवा.

आता आपल्या आजच्या मैदानांकडे वळू. माझ्या वर्गात दर वर्षी एकदोन मुले तालमीची असतात. यात्रांचा हंगाम आला, की सोमवारी त्यांचे बाक रिकामे राहते. नववीतला असाच एक मुलगा दोन दिवसांच्या गैरहजेरीनंतर आला, तो मान वळविता येईना म्हणून सगळे अंगच वळवून फळ्याकडे पाहत होता. मी विचारले, तेव्हा म्हणाला, “सर, जोड मोठी हुती. पर इनाम पाच हजाराचं हुतं.” त्याचे वडील निपाणीकडच्या एका तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. दूध, तूप, बदाम हा खुराक त्या मजुरीत कसा बसावा? रेवड्यांच्या कुस्तीतून खुराक निघत नाही, म्हणून मुलगा थोरांच्या इनामाकडे पाहतो. बापाला तो मोह आवरत नाही. मैदान भरविणाऱ्यांना गर्दी हवी असते, आणि ‘एवढासा पोर कुणाशी लढतोय’ हे पाहावयास गर्दी जमते. या साऱ्यांत ‘नाही’ म्हणणारा वस्ताद मात्र कोठे दिसत नाही. कित्येकदा मुलगा त्याला न विचारताच परगावच्या मैदानात उतरतो.

दोष एकट्या बापावर ढकलून चालणार नाही. शाहू महाराजांच्या काळी खुराकाची चिंता दरबाराने वाहिली, म्हणून वस्तादाला जोड नाकारणे परवडत असे. आज दरबार नाही. ती चिंता आता गावाने वाहावयास हवी. पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीसाठी आपण लाखांची वर्गणी गोळा करतो. तिच्यातला दहावा हिस्सा जर गावच्या तालमीतील मुलांच्या खुराकासाठी काढून ठेवला, तर कोणत्याही मुलाला पाच हजारांसाठी आपली मान पणाला लावावी लागणार नाही. मुलांच्या कुस्त्यांना वेळेचे बंधन घालावे, वजन करूनच जोड लावावी, मातीच्या कडेला डॉक्टर बसवावा, आणि वस्तादाच्या संमतीवाचून अठरा वर्षांखालील मुलाची कुस्ती लावू नये. यांतील एकही गोष्ट गावाच्या आवाक्याबाहेरची नाही.

धाकट्यांनी थोरांच्या मैदानात यावेच, असे माझे मत आहे. तेथे ते पाहतात, धिटावतात, हार पचवावयास शिकतात. त्यांना दाराबाहेर ठेवले, तर उद्याचा खंचनाळे आपणांस कोठून मिळणार? पण त्यांना आत घेणाऱ्याने त्यांची जोड पाहण्याची जबाबदारीही घ्यावी. यंदाच्या यात्रेत एखादा पोर हात उंचावून थोराची जोड मागू लागला, तर टाळ्या वाजविण्यापूर्वी आपणांपैकी कोणीतरी उठून एवढे अवश्य विचारावे, “याचा वस्ताद कोठे आहे?”