आखाती रुपया ते इकामा

कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांचा इतिहास लिहिताना आपण किल्ले, दर्गे आणि बंदरे यांपाशी थांबतो. गेल्या अर्धशतकात या वस्त्यांचे रूप ज्या आखाती नोकरीने पालटले, तिचा इतिहास मात्र अजून ओट्यावरच्या गप्पांतच आहे. मनीऑर्डर आणि ड्राफ्टचा हिशेब राहिला. ज्याने तो पाठवला, त्याचे तिथले रोजचे जगणे राहून गेले.

तेलाच्या पैशाआधीही आखात आपल्याला परके नव्हते. तिथे भारताचाच रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परकीय चलन झिरपू लागले, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिथल्यापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. हाच 'आखाती रुपया'. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. ओमानी रियालच्या हजाराव्या भागाला आजही 'बैसा' म्हणतात. तो आपला पैसाच!

जाण्याची वाट समुद्राची होती. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत अशी बंदरे घेत बसऱ्यापर्यंत जात. त्यांपैकी 'दारा' ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोटाने पेटली आणि २३८ जीव गेले. 'द्वारका' मात्र १९८२ पर्यंत चालत राहिली.

१९७३ नंतर तेलाचा भाव काही महिन्यांतच जवळजवळ चौपट झाला. रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि आपल्या गावांतून तरुण निघाले. कुणी ड्रायव्हर, कुणी वेल्डर, कुणी आचारी, कुणी दुकानातला मदतनीस. तिथे पोहोचताच पहिला शब्द शिकावा लागे, 'कफील'. व्हिसा त्याच्या नावावर, इकामा त्याच्या मर्जीवर, आणि कायदा काहीही म्हणो, पासपोर्ट बहुधा त्याच्याच कपाटात. नोकरी बदलायची तर त्याची परवानगी. सौदीत तर वडिलांच्या मयतीला यायचे तरी त्याच्या सहीचा एक्झिट-रीएन्ट्री हवा. किती मुलांनी बापाच्या कबरीवरची माती दोन वर्षांनी पाहिली, याची नोंद कोणत्या दफ्तरात आहे?

पण तिथे सारे दुःखच होते असे म्हणणेही खोटे ठरेल. एका खोलीत आठ-दहा जण, एकावर एक पलंग. तरी शुक्रवारी सकाळी त्याच खोलीत नारळाचे वाटप वाटले जाई. मासळी बाजारात पापलेटला 'जुबैदी' आणि सुरमईला 'कनअद' म्हणतात, हे कळले की माणूस अर्धा घरी पोहोचे. तिथल्या अरबाच्या तोंडून 'सीदा', 'जूती' असे आपले शब्द ऐकताना होणारी गंमत वेगळीच. परत येताना मग तोही 'खल्ली-वल्ली' घेऊन येई आणि ते गावभर पसरे.

हे जग किती कच्च्या पायावर उभे होते, ते २ ऑगस्ट १९९० रोजी दिसले. इराकने कुवेत घेतले. सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी आणावे लागले; बहुतेकजण वाळवंट ओलांडून अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला आले. वीस वर्षांची कमाई मागे राहिली. आणि तरीही कुवेत मोकळे होताच त्यांतले अनेकजण पुन्हा निघाले, कारण गावात काम नव्हते.

शिक्षक म्हणून मला एक गोष्ट विशेष वाटते. १९८३ च्या स्थलांतर कायद्याने कमी शिकलेल्या मजुराच्या पासपोर्टवर सरकारी मंजुरीची अट घातली. पुढे दहावी पास झालेल्याला त्यातून सूट मिळाली. त्यामुळे आमच्या वर्गात मुले दहावीचा दाखला बघतात तो पुढच्या शिक्षणाची पायरी म्हणून नव्हे, तर विमानाची शिडी म्हणून. त्यांना दोष देण्याआधी हा इतिहास समजून घेतला पाहिजे. कतारने २०२० मध्ये आणि सौदीने २०२१ मध्ये नोकरी बदलण्याचे नियम सैल केले, पण सौदीच्या त्या सुधारणेत घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर आलेच नाहीत. म्हणजे आपल्यातला सर्वांत गरीब माणूस पुन्हा बाहेरच.

या इतिहासाची साधने आपल्याच घरांत आहेत. जुने इकामे, आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटी, आणि उर्दूत लिहिलेली पत्रे. त्या पत्रांत पगार, खोकला, छपराची कौले, मुलीचे शिक्षण, सारे आहे. पण ज्या नातवंडांना त्या पैशाने इंग्रजी शाळेत घातले, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. वाचणारी पिढी अजून हयात आहे. ती पत्रे तिच्याकडून वाचून घेऊन मराठीत उतरवण्याचे काम आता आपल्यालाच करायचे आहे.