ताणसंप्रेरके आणि भयस्मृती

जिवावर बेतलेला प्रसंग मेंदूत खोल कोरला जातो. त्यामागे मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांचा मोठा वाटा आहे. धोका जाणवताच या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. ते रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. व्हेगस चेतेमार्फत त्याचा परिणाम मेंदूच्या खोडापर्यंत पोचतो आणि त्यामुळे अमिग्डाला या भागात नॉरॲड्रेनॅलिन वाढते. काही मिनिटांनी कॉर्टिसॉल (उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन) वाढते. ते थेट चेतापेशींत शिरते आणि जनुकांचे काम बदलते. ही दोन्ही संप्रेरके मिळून प्रसंगानंतरच्या काळात स्मृती पक्की करतात, असे अमेरिकेतील जेम्स मॅगॉ यांच्या संशोधनातून दिसून आले. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने स्वयंसेवकांना प्रोप्रॅनोलॉल हे ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन एक गोष्ट दाखवली. गोष्टीतला भावनिक भाग एरवी अधिक चांगला लक्षात राहतो. औषध घेतलेल्यांच्या बाबतीत तसे घडले नाही, साध्या भागाची आठवण मात्र कायम राहिली.

ताणाने भीती का टिकते, या प्रश्नावर बेंगळुरूमध्ये मोलाचे काम झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा असलेल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेतील बी. एस. शंकरनारायण राव यांच्यासह २००२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील चेतापेशींच्या शाखा आखडल्या. हे अपेक्षित होते. अमिग्डालातील शाखा मात्र वाढल्या. ताण म्हणजे मेंदूची झीज, एवढीच समजूत तेव्हा रूढ होती. हिप्पोकॅम्पस प्रसंगाचा ठावठिकाणा जपतो, तर अमिग्डाला भीती जपतो. एक दुबळा आणि दुसरा बळकट झाला, तर संदर्भ हरवलेली भीती मागे उरू शकते. या निष्कर्षाचे खरे महत्त्व इथे आहे. पुढे २००४ मध्ये याच गटाने दाखवले, की तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस सावरला, पण अमिग्डालातील वाढ तशीच राहिली.

त्याहून विलक्षण आहे तो उशिराचा परिणाम. २००५ च्या प्रयोगात ताण एकदाच, दोन तास दिला होता. दुसऱ्या दिवशी अमिग्डालाच्या पेशींत विशेष बदल नव्हता. दहाव्या दिवशी मात्र शाखांवरील सूक्ष्म काट्यांची, म्हणजे जोडण्यांच्या जागांची, संख्या वाढली होती आणि प्राणी अधिक चिंताग्रस्त झाले होते. आघातानंतरचा ताणविकार (पीटीएसडी) कित्येकदा उशिरा का प्रकटतो, याचे एक जैविक प्रतिमान यातून मिळाले. २०१५ मध्ये चटर्जी आणि सुप्रिया घोष यांनी भीती कशी पसरते तेही पेशींच्या पातळीवर नोंदवले. एका ध्वनीसोबत विजेचा सौम्य झटका बसलेले उंदीर फक्त त्या धोक्याच्या ध्वनीला घाबरत होते; तीव्र झटका बसलेले निरुपद्रवी ध्वनीलाही घाबरू लागले. अमिग्डालातील अनेक पेशी दोन्ही ध्वनींना सारखाच प्रतिसाद देऊ लागल्या होत्या.

तरीही कॉर्टिसॉलला शत्रू ठरवणे चुकीचे आहे. २०१२ मध्ये चटर्जींच्या गटाने आणि न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकइवेन यांनी ताणाआधी उंदरांना कॉर्टिकोस्टेरॉन दिले. तेव्हा दहा दिवसांनंतरची चिंता आणि काट्यांची वाढ दोन्ही टळली. जर्मनीत गुस्ताव शेलिंग यांनी याच दिशेची गोष्ट रुग्णांत पाहिली होती. तीव्र जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्यांपैकी ज्यांना हायड्रोकॉर्टिसोन मिळाले, त्यांच्यात पुढे आघातविकार कमी आढळला. संप्रेरक केव्हा आणि किती, यावर परिणामाची दिशा ठरते. म्हणून आघात झालेल्याला अशी औषधे सरसकट देणे धोक्याचे ठरेल.

या निष्कर्षांना एक मर्यादाही आहे: बेंगळुरूचे हे प्रयोग मुख्यतः नर उंदरांवर झाले आहेत. माणसांत मात्र आघातविकाराचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते.