खालूंची सही आणि एक ग्रीक शब्द

नगरच्या एका दवाखान्यात खालाच्या ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही करायची होती. कागदावर लिहिलं होतं ‘कोलेसिस्टेक्टॉमी’. खालूंनी शब्द दोनदा वाचून पाहिला आणि सही केली. काय काढणार, काय ठेवणार, हे त्यांना कळलं नव्हतं.

शब्द फोडून पाहू. को-ले-सिस्-टेक्-टॉ-मी. इंग्रजीत जोर शेवटून तिसऱ्या ‘टेक्’वर पडतो. मराठीत तसा आघात नसल्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो आणि अडखळतो. तुकडे ग्रीक आहेत: ‘खोले’ म्हणजे पित्त, ‘किस्टिस’ म्हणजे पिशवी, ‘एक्टोमे’ म्हणजे कापून बाहेर काढणं. शेवटी ‘ऑटॉमी’ असतं तर नुसता छेद. ‘ऑस्टॉमी’ असतं तर वाट करून देणं. अवयव राहणार की जाणार, हे या शेपटावर ठरतं. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली बर्लिनमध्ये केली.

मात्र ग्रीक वैद्यकाचे शब्द आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी आले. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती हकिमाने गॅलनचे ग्रंथ सुरयानी आणि अरबीत आणले. अरबीत ‘प’ नाही आणि शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षरही चालत नाही. म्हणून प्लेटोचा ‘अफलातून’ झाला, ‘फ्लेग्मा’चा ‘बलगम’. ‘मेलास’ म्हणजे काळं. काळ्या पित्ताने येणारी उदासी ती ‘मालीखोलिया’. खालाच्या कागदावरचं ‘कोले’ आणि हे ‘खोलिया’ एकच.

हीच विद्या पुढे फारसीतून दख्खनेत उतरली. सोळाव्या शतकात रुस्तुम जुर्जानी या हकिमाने बुऱ्हाण निजामशहासाठी औषधांवर ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा फारसी ग्रंथ लिहिला. आजही नगरचा कुणीही माणूस ‘अफलातून’ किंवा ‘अक्सीर इलाज’ म्हणतो, तेव्हा तो अरबीतून आलेलं ग्रीकच बोलत असतो. युनानीला ‘मुसलमानी औषध’ म्हणणाऱ्यांनी, आणि तसंच समजून मिरवणाऱ्यांनीही, एवढं लक्षात ठेवावं की ‘युनान’ म्हणजे ग्रीस.

संध्याकाळी मी खालूंना सांगितलं, “पित्ताशय काढणार आहेत.” ते म्हणाले, “एवढंच होतं तर तसंच लिहायचं ना!”

त्यांचं बरोबर होतं. ‘पित्ताशय’ हा शब्द मराठीत आहेच. सहीच्या वर तेवढी एक ओळ हवी होती.